डिझेल नावाचा माणूस

डिझेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? एसटीचा काळा धूर, पंपावरची ट्रकची रांग, नाहीतर लाइट गेल्यावर हॉस्टेलच्या मागे धडधडणारा जनरेटर. ओरलला एक्सटर्नलने विचारलं तर ऑटो सायकल आणि डिझेल सायकलमधला फरक आपण घडाघडा सांगतो, पीव्ही डायग्रामही काढून दाखवतो. पण डिझेल हे एका हाडामांसाच्या माणसाचं आडनाव आहे, हे आपल्या फारसं ध्यानात नसतं. इंग्लिशमध्ये तर ते आता स्मॉल लेटरने लिहितात. एखाद्याचं नाव इतकं मोठं व्हावं की त्यात तो माणूसच हरवून जावा, असं क्वचितच होतं. रुडॉल्फ डिझेलच्या बाबतीत ते झालं.

यात गंमत अशी की पंपावरच्या ज्या तेलाला आज आपण त्याचं नाव देतो, त्या तेलावर त्याचा काही खास जीव नव्हता. त्याचं भांडण होतं वाया जाणाऱ्या उष्णतेशी. इंधन कुठलंही असो, त्यातली जास्तीत जास्त शक्ती कामाला लागली पाहिजे, हा त्याचा ध्यास. आज बायोडिझेलचा विषय निघाला की शेंगदाणा तेलावर इंजिन चालवणारा शास्त्रज्ञ म्हणून त्याचा फोटो लावतात. त्यात काही खरं आहे आणि काही दंतकथा आहे. खरी गोष्ट दंतकथेपेक्षा जास्त शिकवून जाते, म्हणून ती इथे सुरुवातीपासून सांगतो.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ ला पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, बव्हेरिया प्रांतातले. वडील थिओडोर चामड्याच्या वस्तू बनवायचे. घरची परिस्थिती बेताचीच. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम छोट्या रुडॉल्फकडे असायचं. वेळ मिळाला की तो पॅरिसमधल्या यंत्रांच्या म्युझियममध्ये जाऊन बसायचा. तिथे अठराव्या शतकातली कुन्योची वाफेवर चालणारी गाडी ठेवलेली होती. यंत्राचं वेड त्याला तिथेच लागलं असं म्हणतात.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं. बारा वर्षांचा रुडॉल्फ आईवडिलांबरोबर लंडनला गेला. तिथे हाल होते. शेवटी आईवडिलांनी त्याला एकट्याला जर्मनीत ऑग्सबुर्ग या गावी नातेवाइकांकडे पाठवलं. त्याचे तिथले काका गणित शिकवायचे. विचार करा, बाराव्या वर्षी एक देश सुटला, दुसऱ्यात जम बसला नाही आणि तिसऱ्यात परक्या घरी राहायचं. आपल्यातले बरेच जण अठराव्या वर्षी हॉस्टेलला आले तरी पहिला महिना घरी फोन करण्यात जातो. रुडॉल्फने मात्र अभ्यासात डोकं घातलं. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकलं की आपण इंजिनिअर होणार. शाळेत तो पहिला आला, आणि १८७५ मध्ये स्कॉलरशिप मिळवून म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. वडिलांना वाटत होतं की आता पोराने नोकरीला लागावं. पण पोराने ऐकलं नाही.

म्युनिकला त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्रोफेसर मिळाले. रेफ्रिजरेशनच्या पुस्तकात आपण ज्यांचं नाव वाचतो तेच हे लिंडे. ते उष्णतेचं शास्त्र शिकवायचे. वर्गात त्यांनी सांगितलं की त्या काळची चांगली वाफेची इंजिनंसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के कामाला लावतात. बाकीची नव्वद टक्के धुराड्यातून आणि वाफेतून निघून जाते. आणि फ्रेंच इंजिनिअर सादी कार्नोने तर १८२४ सालीच दाखवून दिलं होतं की तापमानातला फरक मोठा असेल तर उष्णतेतून कितीतरी जास्त काम काढता येतं. आपण कार्नो सायकल दहा मार्कांसाठी पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. रुडॉल्फच्या डोक्यात ती अशी घुसली की पुढची वीस वर्षं बाहेर निघालीच नाही. हे प्रत्यक्षात आणता येईल का, असा प्रश्न त्याने वहीच्या समासात लिहून ठेवला होता असं सांगतात.

याच काळातली आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. लिंडे यांनी पूर्वेकडच्या बेटांवरून आणलेली एक नळी वर्गात दाखवली. तिच्यात दट्ट्या जोरात दाबला की आतली हवा इतकी तापते की टोकाला लावलेला कापूस पेट घेतो. काडी नाही, ठिणगी नाही, फक्त दाब. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, ते आठवा. तत्त्व तेच, फक्त तीव्रता जास्त.

१८७९ मध्ये ऐन फायनलच्या वेळी त्याला टायफॉइड झाला आणि परीक्षा बुडाली. पुढची परीक्षा होईपर्यंत त्याने स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये हाताने काम केलं. जानेवारी १८८० मध्ये त्याने परीक्षा दिली आणि उत्तम मार्कांनी पास झाला. त्यानंतर लिंडे यांच्याच कंपनीत, पॅरिसच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरी लागली. पुढच्याच वर्षी बर्फ तयार करण्याच्या पद्धतीवर त्याने पेटंट मिळवलं. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. सगळं सुरळीत चाललं होतं. पण दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात इंजिन, असा त्याचा दिनक्रम झाला. वाफेऐवजी अमोनिया वापरून जास्त एफिशियन्सीचं इंजिन करायच्या मागे त्याने कितीतरी वर्षं घालवली. ते काही जमलं नाही. पण त्यातूनच त्याला सुचलं की अमोनिया हवाय कशाला? साधी हवाच भरपूर दाबली तर ती तापेल, तिच्यात इंधन थोडं थोडं सोडलं तर ते आपोआप पेटेल आणि जळणाची उष्णता सरळ पिस्टनवर काम करेल. बॉयलर नको, स्पार्क प्लग नको.

१८९० मध्ये तो बर्लिनला गेला. फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने जर्मन पेटंटसाठी अर्ज केला, ते पुढच्या वर्षी मिळालं. १८९३ मध्येच त्याने आपल्या कल्पनेवर पुस्तकही काढलं. पुस्तकातले आकडे बघून त्या वेळच्या इंजिनिअर लोकांनी कपाळावर हात मारला. सुमारे २५० अ‍ॅटमॉस्फिअर दाब! एवढा दाब सहन करणारा सिलिंडर तेव्हा कोणी बनवणार कुठून? टीका भरपूर झाली. पण लिंडे यांनी पाठिंबा दिला. रुडॉल्फ पत्रं लिहीत राहिला आणि शेवटी ऑग्सबुर्गच्या मशीन फॅक्टरीचे प्रमुख हाइनरिश फॉन बुझ तयार झाले. क्रुप कंपनीनेही पैसे घातले. दाब पुष्कळ कमी करायचा आणि प्रयोग सुरू करायचे असं ठरलं.

१० ऑगस्ट १८९३ ला पहिली टेस्ट झाली. फॅक्टरीच्या पट्ट्याने इंजिन फिरवलं, सिलिंडरमध्ये पेट्रोलसारखं हलकं इंधन सोडलं, आणि आत असा स्फोट झाला की वर बसवलेला दाब मोजायचा इंडिकेटर उडून गेला. आजूबाजूचे थोडक्यात वाचले. इंजिन स्वतःच्या ताकदीवर काही चाललं नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली. नुसत्या दाबलेल्या हवेने इंधन पेटतं! आपल्याकडे प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं की आपण शेजारच्या बॅचचं कॉपी करतो. रुडॉल्फने स्फोटाचंही रीडिंग घेतलं आणि पुढचं मशीन आखायला बसला.

पुढच्या वर्षी १७ फेब्रुवारी १८९४ ला बदललेलं इंजिन पहिल्यांदा आपलं आपण चाललं. जेमतेम एक मिनिट. तोपर्यंत पट्टा इंजिनाला ओढत होता, त्या क्षणी इंजिनच पट्ट्याला ओढायला लागलं. हे पहिल्यांदा एका मेकॅनिकच्या लक्षात आलं आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, असं सांगतात. एका मिनिटासाठी इतकी वर्षं! आणि तरी काम संपलेलं नव्हतं. इंधन नीट फवारलं जाईना, काजळी धरायची, व्हॉल्व्ह गळायचे. कार्नोची परिपूर्ण सायकल खऱ्या लोखंडात उतरत नाही हेसुद्धा त्याला मान्य करावं लागलं. तेव्हा त्याने तापमान स्थिर ठेवायचा हट्ट सोडला. पुस्तकात आपण ज्याला कॉन्स्टंट प्रेशर हीट अ‍ॅडिशन म्हणतो, तो त्या तडजोडीतूनच आला आहे.

अखेर १७ फेब्रुवारी १८९७ ला प्रोफेसर श्रोटर यांनी सगळ्यांसमोर टेस्ट घेतली. सिलिंडरचा व्यास २५० मिलिमीटर, स्ट्रोक ४०० मिलिमीटर, स्पीड मिनिटाला साधारण १५४ फेरे, पॉवर सुमारे १८ हॉर्सपॉवर. आणि एफिशियन्सी २६.२ टक्के! वाफेचं इंजिन दहाच्या आसपास अडकलेलं असताना एकदम अडीच पट. त्या दिवशी त्यात इंधन होतं रॉकेल. ते इंजिन आजही म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलेलं आहे. आज मोठ्या जहाजांवरची डिझेल इंजिनं पन्नास टक्क्यांच्या पुढे जातात, पण पाया तोच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. या इंजिनात इंधन पेटतं ते तापलेल्या हवेमुळे, ठिणगीमुळे नाही. पेट्रोल इंजिनात इंधनाची वाफ व्हावी लागते, म्हणून ते हलकंच लागतं. इथे मात्र जाड, जड तेलही चालतं, फक्त त्याची बारीक फवारणी झाली पाहिजे आणि त्याने वेळेवर पेट घेतला पाहिजे. त्यामुळे रुडॉल्फच्या दृष्टीने हे इंजिन कुठल्या एका इंधनाचं नव्हतंच. त्याने पेटंटमध्ये कोळशाच्या भुकटीचाही विचार केला होता आणि पुढे तिचे प्रयोगही केले. राखेने सिलिंडर घासला जायचा, म्हणून ते सोडून द्यावं लागलं.

आता शेंगदाण्याच्या गोष्टीकडे येऊ. दर वर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत आणि पोस्टरवर हमखास असतं की १८९३ च्या १० ऑगस्टला रुडॉल्फ डिझेलने शेंगदाणा तेलावर इंजिन चालवलं. ते खरं नाही. त्या दिवशी काय झालं ते वर आलंच आहे, तेल शेंगदाण्याचं नव्हतं आणि इंजिन चाललंही नव्हतं.

खरी घटना आहे १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातली. तिथे डिझेल इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्याच प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं. कल्पना फ्रेंच सरकारची होती. फ्रान्सच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये भुईमूग भरपूर पिकायचा, आणि तिथे बाहेरून कोळसा किंवा तेल न नेता जागच्या जागी पिकलेल्या तेलावर यंत्रं चालवता येतील का, हे त्यांना बघायचं होतं. इंजिन खनिज तेलासाठी बनवलेलं होतं, त्यात काहीही बदल न करता तेल घातलं, आणि ते इतकं गुपचूप चाललं की फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं. हे सगळं स्वतः रुडॉल्फनेच पुढे लिहून ठेवलं आहे. श्रेय लाटायचा मोह त्याला झाला नाही, हे मला विशेष वाटतं. नंतर त्याने स्वतः तसे प्रयोग केले आणि निकाल बरोबर असल्याची खात्री करून घेतली. रशियात सेंट पीटर्सबर्गला एरंडेल तेलावर आणि प्राण्यांच्या चरबीच्या तेलावरही अशा चाचण्या झाल्या.

१९१२ मध्ये इंग्लंडमध्ये इंजिनिअरांसमोर त्याने हा विषय मांडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की वनस्पती तेलाचा इंधन म्हणून उपयोग आज किरकोळ वाटेल, पण पुढे कधीतरी तो खनिज तेल आणि कोळशाइतकाच महत्त्वाचा होऊ शकतो. आणि जमिनीखालचे सगळे साठे संपले तरी सूर्याच्या उष्णतेतून, शेतीच्या मार्गाने, शक्ती मिळत राहील. १९१२! तेव्हा खनिज तेलाचा धंदा नुकता कुठे जोरात यायला लागला होता आणि ग्लोबल वॉर्मिंग हा शब्दही नव्हता.

त्याला हे का सुचलं, याचं उत्तर त्याच्या दुसऱ्या एका वेडात सापडतं. वाफेचं इंजिन प्रचंड आणि महाग. ते परवडायचं फक्त मोठ्या कारखानदाराला. त्यामुळे छोटे कारागीर, विणकर, सुतार धंद्यातून उठले आणि कारखान्यात मजूर झाले. हातगाडीवर वडिलांचा माल वाहणाऱ्या मुलाला हे चांगलं ठाऊक होतं. आपलं इंजिन छोटं करता येईल, ते कारागिराच्या घरात बसेल आणि त्याला पुन्हा स्वतःच्या पायावर उभं करेल, अशी त्याची आशा होती. १९०३ मध्ये त्याने कामगारांनी एकत्र येऊन आपले उद्योग स्वतः चालवावेत या विषयावर एक पुस्तक लिहिलं. इंजिनापेक्षाही या पुस्तकाचा त्याला अभिमान होता म्हणतात. पुस्तक मात्र फारसं खपलं नाही. आणि इंजिन गेलं ते जहाजांत, पाणबुड्यांत आणि मोठमोठ्या कारखान्यांत. १९१२ मध्ये सेलांडिया हे मोठं डिझेल जहाज कोपनहेगनहून समुद्र ओलांडून गेलं, तेव्हा जगभर त्याचं कौतुक झालं. पण कारागिराचं घर राहूनच गेलं.

पैशाचं काय झालं तेही ऐका. १८९७ च्या टेस्टनंतर देशोदेशीचे कारखानदार लायसन्स घ्यायला धावले. अमेरिकेचे हक्क बिअरवाल्या अडॉल्फस बुशने दहा लाख मार्कांना घेतले. रुडॉल्फ कोट्यधीश झाला, म्युनिकमध्ये त्याने आलिशान बंगला बांधला. पण सुरुवातीला विकलेली इंजिनं सारखी बंद पडायची, गिऱ्हाइकं परत पाठवायची, पेटंटवरून कोर्टकचेऱ्या चालू झाल्या. शरीर आणि मन दोन्ही थकलं, काही महिने सॅनिटोरियममध्ये काढावे लागले. तेलाच्या विहिरी आणि जमिनींच्या व्यवहारात त्याने पैसा घातला तो बुडाला. मशीनमध्ये एक टक्का उष्णता वाया जाऊ नये म्हणून आयुष्य घालवणाऱ्या माणसाला स्वतःचा पैसा मात्र सांभाळता आला नाही.

२९ सप्टेंबर १९१३ ला संध्याकाळी तो बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. बरोबर धंद्यातले दोन सहकारी होते. तिघं जेवले, डेकवर गप्पा मारल्या. दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून तो केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी होती. डेकवर कठड्याजवळ त्याची टोपी आणि ओव्हरकोट सापडला. दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. तो फार खराब झाला होता, म्हणून खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह परत समुद्रात सोडला. मुलाने त्या वस्तू ओळखल्या. वय होतं फक्त ५५.

जायच्या आधी त्याने बायकोकडे एक बॅग ठेवायला दिली होती, त्यात रोख रक्कम होती. बँकेतली खाती जवळजवळ रिकामी होती आणि कर्ज डोक्यावर होतं. त्यामुळे बहुतेक अभ्यासक ही आत्महत्या मानतात. जर्मन नौदलाने मारलं, तेलवाल्यांनी मारलं, अशाही कथा आहेत, पण पुरावा कशालाच नाही. मला वाटतं, रहस्यकथेपेक्षा या मृत्यूकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावं. इतका हुशार, इतका नावाजलेला माणूस, दोन सहकारी शेजारच्या केबिनमध्ये, घरी बायको-मुलं, आणि तरी मनावरचं ओझं त्याने कोणालाच दाखवलं नसावं. आपल्या हॉस्टेलमध्येही शेजारच्या खोलीत कोण कशातून जातोय ते आपल्याला माहीत नसतं. के.टी. लागलेल्या, नाहीतर घरच्या कर्जाची चिंता असलेल्या मित्राच्या खोलीचं दार एकदा वाजवायला काही खर्च येत नाही.

रुडॉल्फ गेल्यावर खनिज तेल स्वस्त होत गेलं आणि इंजिनंच त्या तेलासारखी घडत गेली. पंप, नोझल सगळं पातळ तेलासाठी. वनस्पती तेल ४० अंश सेल्सिअसला डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असतं. ते तसंच घातलं तर फवारा नीट होत नाही, नोझलवर कार्बन जमतो, रिंगा चिकटतात. प्रदर्शनात काही दिवस चालवणं वेगळं आणि हजारो तास चालवणं वेगळं. यावर उपाय बेल्जियममध्ये निघाला. १९३७ मध्ये ब्रुसेल्सच्या शाव्हान यांनी पाम तेलाची अल्कोहोलशी प्रक्रिया करून पातळ इंधन बनवण्याचं पेटंट घेतलं. आज आपण बायोडिझेल म्हणतो ते हेच.

प्रक्रिया आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये दाखवता येईल इतकी सोपी आहे. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला चिकटलेल्या तीन लांब शेपट्या. थोडा कॉस्टिक सोडा कॅटलिस्ट म्हणून घ्यायचा, मिथेनॉल घालायचं आणि ६० अंशांच्या आसपास ढवळायचं. शेपट्या कण्यापासून सुटतात आणि मिथेनॉलला चिकटतात. ग्लिसरीन खाली बसतं, वर बायोडिझेल राहतं. १०० किलो तेलापासून साधारण १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन. त्याचा घट्टपणा डिझेलच्या जवळपास येतो, ऊर्जा किलोमागे थोडी कमी मिळते, पण गंधक जवळजवळ नसतं. मात्र मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, तेव्हा सरांशिवाय हा उद्योग खोलीत करू नका!

मग सगळं डिझेल बंद करून तेलबियाच का लावू नयेत? चला, एक हिशोब करू. भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे ९ कोटी टन डिझेल जळलं. एका हेक्टरमधून १ टन तेल मिळेल असं अगदी सढळ हाताने धरलं, तरी ९ कोटी हेक्टर जमीन लागेल. आपल्या देशात दर वर्षी पेरली जाणारी एकूण जमीन साधारण १४ कोटी हेक्टर आहे. म्हणजे खायचं काय? पडीक जमिनीत जट्रोफा, म्हणजे आपला मोगली एरंड, लावून हा प्रश्न सुटेल अशी आशा २००३ च्या सुमारास फार होती. २००९ च्या राष्ट्रीय धोरणात तर २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळायचं ठरलं होतं. पण पाणी आणि खत नसलेल्या जमिनीत झाड जगलं तरी बिया भरपूर येत नाहीत, आणि योजना बारगळली. २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं लक्ष्य ठेवलं, २०२४ पर्यंत आपण त्यापासून खूप लांब होतो.

याचा अर्थ रुडॉल्फ चुकला असा नाही. शेतातलं तेल इंजिनात जळेल हे त्याने दाखवलं. पण त्याचा मूळ धडा वेगळा आहे. आधी वाया काय जातंय ते शोधा. वाया जाणाऱ्या गोष्टींची आपल्याकडे कमी नाही. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक वाढतात. हे घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही असा देशात नियम आहे, आणि असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सुरू केली. यासाठी एक इंचही जमीन लागत नाही. उलट तेच तेल गटारात गेलं तर पाइप तुंबतात, आणि गाडीवरच्या भज्यांत गेलं तर आपल्याच पोटात येतं. आपल्या मेसमध्ये दर रविवारी पुऱ्या होतात. कढईत उरलेलं तेल महिन्याला किती लिटर होतं आणि ते कुठे जातं, हा फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरून उतरवलेल्या टॉपिकपेक्षा चांगला विषय आहे. मेसच्या काकांकडे रीडिंग घ्यायचं आणि केमिकलवाल्या मित्रांना बरोबर घ्यायचं, बस्स.

आणि रुडॉल्फच्या त्या छोट्या इंजिनाचं काय झालं? ते शेवटी आलं, पण त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी आणि जर्मनीपासून फार दूर. १९३३ मध्ये जपानच्या यानमार कंपनीने छोटं डिझेल इंजिन बनवलं. कंपनीचे संस्थापक यामाओका शेतकरी घरातले होते. १९५७ मध्ये त्यांनी रुडॉल्फच्या स्मरणार्थ ऑग्सबुर्गमध्ये दगडांची एक बाग करून दिली. आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये सुरू झाली, आणि विहिरीवर ठुकठुक करत उसाला पाणी पाजणारं ऑइल इंजिन महाराष्ट्रातल्या गावागावात पोचलं. ज्याच्या घरी मोठं काही नाही अशा माणसाच्या हातात स्वतःची शक्ती यावी, हे रुडॉल्फचं स्वप्न त्या ठुकठुकीत खरं झालं. त्या इंजिनात आपल्याच शिवारातलं, आपल्याच कढईतलं इंधन घालायचं काम तेवढं अजून बाकी आहे. ते त्याने १९१२ मध्येच पुढच्या पिढ्यांच्या इंजिनिअरांवर सोपवलं होतं. त्या पिढ्यांत आपणही येतो.